मागच्या सस्पेन्शनला ग्रीस कुठे मारायचं? (जुनी फोक्सवॅगन टी-टू कॅम्पर, वेस्टफालिया)

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने १९७६ ची वेस्टफालिया कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली टी-टू) घेतली, ग्रीसगन आणली, पुढच्या ॲक्सलचे निपल, म्हणजे गन लावायची छोटी तोंडं, सापडले, तिथे ग्रीस मारलं, पण मागे खाली शिरून अर्धा तास टॉर्च मारूनही एकही निपल दिसला नाही. मागून खड्ड्यात कुईकुई आवाज येतो. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने मागे सगळीकडे स्प्रे मारून दिला, आवाज थांबला आणि आठवड्याभरात परत आला, तोही जास्तच. आता विचारतायत की निपल कुठे आहेत, आणि कुठलं ग्रीस घ्यायचं.

तर पहिलं उत्तर सरळ देतो, टी-टूच्या मागच्या सस्पेन्शनला निपल नाहीतच. तुमच्या गाडीचे पडलेले नाहीत, कुणी काढलेले नाहीत, पेंटखाली दबलेले नाहीत. हॅनोवरच्या कारखान्यातून १९६७ च्या ऑगस्टपासून ही गाडी निघायला लागली तेव्हापासून मागे निपल नाही. पण म्हणून मागे ग्रीस लागत नाही असं अजिबात नाही, लागतं, आणि नीट लागतं, फक्त ते गनने बाहेरून मारायचं नसून पार्ट उघडून आत भरायचं असतं. आणि काही जागा अशा आहेत की जिथे ग्रीस किंवा तेल लागलं तर पार्टची वाट लागते. मागचं काम म्हणजे मुळात कुठे भरायचं आणि कुठे हात लावायचा नाही हे ओळखणं, बाकी पान्याचं काम कुणीही शिकतो.

हा गोंधळ आपल्याकडच्या लोकांचा जास्त होतो आणि त्याचं कारण मला चांगलं माहितीय, कारण मी स्वतः ट्रकच्या कामातून आलोय. आपल्याकडे मागचं सस्पेन्शन म्हटलं की पाटे, शॅकल पिना, आणि प्रत्येक पिनेला निपल, सर्व्हिसिंगला गाडी आली की पोऱ्या ग्रीसगन घेऊन खाली जाणार आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारणार. पाट्याच्या गाडीला ते बरोबरच आहे. टी-टूला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगही नाही. आडव्या नळीच्या आत दोन्ही बाजूंना एकेक टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ सहन करणारा पोलादी दांडा. दांड्याचं आतलं टोक नळीच्या मध्यावर दातऱ्यांमध्ये अडकलेलं, बाहेरचं टोक स्प्रिंग प्लेटमध्ये. ती प्लेट मागे जाऊन चाकाच्या तिरक्या आर्मला बोल्टने जोडलेली. चाक वर गेलं की प्लेट फिरते, दांडा पिळला जातो, तोच स्प्रिंग. आणि गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ड्राइव्ह शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वर-खाली होताना शाफ्टला वाकून फिरू देणारे सांधे, गाडीत एकूण चार.

(तुमची गाडी १९६७ च्या मध्याआधीची, दोन तुकड्यांच्या काचेची असती तर गोष्ट वेगळी होती, तिला मागे स्विंग ॲक्सल आणि चाकाजवळ रिडक्शन गिअरचे डबे असतात, त्यात गिअर ऑइल असतं आणि त्याची लेव्हल बघावी लागते. तुमच्याकडे तो प्रकार नाही.)

आता आवाजाकडे येऊ, कारण आवाज ओळखला तर अर्धं काम झालं आणि भलतंच उघडलं जात नाही. मागून तीन प्रकारचे आवाज येतात. खड्ड्यात, स्पीड ब्रेकरवर, किंवा गाडीत चढता-उतरताना कुईकुई किंवा कर्रकर्र येत असेल तर ते रबर आहे. गाडी सुटताना किंवा वळणावर ॲक्सिलरेटर दिला की टकटकटक येत असेल तर सीव्ही जॉइंट. आणि सरळ रस्त्यावर वेग वाढेल तसा वाढणारा घूंघूं आवाज, क्लच दाबला तरी न जाणारा, तो चाकाचा बेअरिंग, फक्त आधी टायर बघून घ्या, उंचसखल झिजलेला टायरही अगदी तसाच घूंघूं करतो.

तुमचा पहिला प्रकार आहे. पण कॅम्परमध्ये अजून एक भानगड असते, आतलं फर्निचर आणि वरचं उघडणारं छप्पर हेही कुईकुई करतात आणि आवाज मागून खालून आल्यासारखा वाटतो. म्हणून आधी हे करा. गाडी सपाट जागेवर उभी, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे. एकाने मागच्या बंपरवर वजन टाकून गाडी खालीवर करायची आणि दुसऱ्याने बाजूला बसून स्प्रिंग प्लेटच्या बाहेरच्या झाकणावर हात ठेवायचा. गाडीखाली शिरू नका, बाजूनेच हात पोचतो. आवाज तिथला असेल तर बोटांना थरथर कळते, कानापेक्षा हाताला आधी कळतं. खात्री करायला साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, एका वेळी एकाच रबरावर मारा, परत हलवा. ज्या रबरावर पाणी मारल्यावर आवाज दोन मिनिटं बंद होतो तोच गुन्हेगार. पाणी वाळतं, रबराला काही होत नाही. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या-खालच्या रबरांवरही असंच करून बघा, कारण बऱ्याचदा आवाज तिथला निघतो आणि ते काम अगदी सोपं असतं, शॉक बदलला की विषय संपला.

आता त्या स्प्रेचं. गॅरेजवाल्याने काय मारलं माहीत नाही, पण गंज सोडवणारा पातळ स्प्रे असेल तर त्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तो उडून जातो आणि जाताना असलेला थोडाफार ओलावा-ग्रीस धुऊन नेतो, म्हणून आवाज परत आला तो जास्त आला. दुसरी गोष्ट जास्त वाईट, पेट्रोलियमचं कुठलंही तेल जुन्या नैसर्गिक रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग गाडीच्या वजनाने एका बाजूला दबून बसतं. स्प्रिंग प्लेट मग मधोमध राहत नाही, खाली सरकते आणि झाकणाच्या लोखंडावर घासायला लागते. तेव्हा जो आवाज येतो तो लोखंडाचा असतो आणि तो कुठल्याही स्प्रेने जात नाही. तेव्हा आधीच सांगतो, रबरावर साधं ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, डिझेल नाही, गंजाचा स्प्रे नाही. फारच आवाज आहे आणि सुट्टीवर निघायचंय तर तात्पुरता सिलिकॉनचा स्प्रे चालेल, तो रबराला खात नाही. पण तो इलाज नव्हे, ट्रिप निभावून नेण्यापुरता आहे.

पक्का इलाज म्हणजे स्प्रिंग प्लेटचे रबर बुश, म्हणजे प्लेटला धरून बसणारी रबरी कडी, बदलणं. प्रत्येक बाजूला दोन, प्लेटच्या आत एक आणि बाहेर एक, त्यावर झाकण आणि झाकणाला चार बोल्ट. ऐकायला सोपं वाटतं आणि हे काम घरी करणारे लोक इथेच स्वतःला जखमी करून घेतात, म्हणून हे सावकाश वाचा. चाक हवेत लटकत असतानाही ती प्लेट मोकळी नसते. टॉर्शन बारला आधीच पीळ दिलेला असतो आणि प्लेट खालच्या एका टेकणावर दाबून बसलेली असते. ती त्या टेकणावरून बाहेर ओढलीत की पीळ सुटतो आणि प्लेट जोरात खाली येते, मध्ये बोटं असतील तर बोटं जातात, एवढा तो जोर आहे. त्यामुळे प्लेटखाली जॅक किंवा स्प्रिंग प्लेट दाबायचं खास हत्यार लावायचं, वजन त्यावर घ्यायचं, मग बाहेर सरकवायची आणि जॅक हळूहळू सोडायचा. जॅक घसरणार नाही असा सरळ बसलाय ना हे दुसऱ्या माणसाला बघायला लावा. पहिल्यांदा करत असाल तर हे काम एकट्याने करू नका, शेजारी ज्याने आधी केलंय असा माणूस हवा.

उघडण्याआधी अजून एक. प्लेट आणि तिरका आर्म जिथे बोल्टने जोडलेत तिथे भोकं लांबट आहेत, म्हणजे आर्म पुढेमागे सरकू शकतो आणि त्यावर मागच्या चाकाचं अलाइनमेंट ठरतं. तिथे छिन्नीने बारीक रेघ मारून ठेवा, दोन्ही पार्टवर मिळून एक. पेंटची खूण ब्रेक क्लीनरने पुसली जाते म्हणून छिन्नी सांगतोय. आणि प्लेट मोकळी झाल्यावर तिचा कोन मोजून लिहून ठेवा, कारण दांडा एक दातरी इकडेतिकडे बसला की गाडी एका बाजूला उंच उभी राहते, आणि मग सगळं परत उघडावं लागतं.

दांडा बाहेर काढलात तर त्याच्याकडे जरा वेळ देऊन बघा. मी काय करतो तर कोरड्या कापडाने पुसतो, उजेडात धरतो आणि अंगठ्याचं नख पूर्ण लांबीवर फिरवतो. वरचा रंग शाबूत असेल तर नख गुळगुळीत सरकतं. जिथे रंग उडालाय आणि गंजाचा खड्डा पडलाय तिथे नख अडकतं. असा खड्डा म्हणजे पुढे तिथून तडा जाणार, दांडा दिवसभर पिळला जात असतो त्यामुळे बारीकशी खोचसुद्धा पुरते. खोल खड्डा असेल तर दांडा बदलायचा, घासून-रंगवून परत घालायचा नाही. नुसता रंग खरवडला असेल आणि लोखंड स्वच्छ असेल तर रंग लावून वाळवून घाला. डावा आणि उजवा दांडा वेगळा, टोकावर खूण असते, अदलाबदल चालत नाही कारण कारखान्यातच त्यांना एका दिशेने पीळ देऊन ठेवलेला असतो. दोन्ही बाजू एकदम उघडायच्याच नाहीत, म्हणजे घोटाळा होत नाही.

आणि इथे तुमच्या ग्रीसची पहिली खरी जागा येते, दांड्याच्या दोन्ही टोकांच्या दातऱ्या. त्यांना लिथियमचं साधं ग्रीस ब्रशने चांगलं लावायचं. ते हालचालीसाठी नाही, दातऱ्या हलत नाहीत. ते पाणी आत जाऊ नये आणि लोखंड लोखंडाला गंजून चिकटू नये म्हणून आहे. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते मिठाचं पाणी झाकणातून आत शिरतं, आणि ज्या गाडीत कधीच ग्रीस लावलं गेलं नाही तिचा दांडा प्लेटमधून सुटायला मग हातोडा आणि उष्णता आणि अख्खा दिवस लागतो.

नवीन बुश घालताना ग्रीस नाही, टाल्कम पावडर. हो, साधी टाल्कम, सुवासिक असली तरी चालते. बुश कोरडा ठेवायचा, पावडर चोळायची आणि बसवायचा. बुशवर वरची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं, जर्मन बुशवर ओबेन असतं, ते वरच यायला हवं, आणि आतला-बाहेरचा, डावा-उजवा बघून घ्या, आकार वरून सारखा वाटतो पण नसतो. कारण असं आहे की हा बुश घसरण्यासाठी बनवलेलाच नाही. तो दाबून बसतो आणि स्वतःच्या आत पीळ खातो, रबराची पकड लोखंडावर हवी. ग्रीस लावलंत तर पकड जाते, रबर घसरून झिजतं आणि कुईकुई परत. झाकण लावताना कळेल की मूळ चार बोल्ट पोचतच नाहीत, नवा बुश जाड असतो आणि झाकण बाहेरच राहतं. तिथे दोन लांब बोल्ट समोरासमोर लावून झाकण थोडं थोडं ओढून घ्यायचं, दोन मूळ बोल्ट लागले की लांबवाले काढून तिथेही मूळ लावायचे. हातोडीने ठोकून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, वाकतं.

काही लोक म्हणतील पॉलियुरेथेनचे बुश घाला, आयुष्यभर टिकतात. ते घसरून चालणारे बुश आहेत, त्यांना कंपनी सोबत देते तेच चिकट सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर रबरापेक्षा जास्त ओरडतात. रेसच्या बीटलला ठीक असतील. झोपायच्या गाडीला माझं मत साधं रबरच, गाडी शांत चालते आणि रस्त्याचे हादरे आतल्या कपाटांपर्यंत कमी पोचतात.

तिरक्या आर्मचा पुढचा सांधा, जिथे तो फ्रेमला जोडलाय, तिथेही रबर-मेटल बुश आहे. तिथे काहीही लावायचं नाही. फुटला असेल तर बदला. फक्त असा कुठलाही रबर-मेटल बुशचा बोल्ट शेवटचा टाईट करायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकत असताना टाईट केलंत तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता सीव्ही जॉइंट, तुमचा आवाज तो नसला तरी तुमच्या गाडीत हे काम शेवटचं कधी झालंय माहीत नाही, म्हणून या वर्षी करूनच घ्या. मागच्या भागात सगळ्यात जास्त ग्रीस इथेच लागतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. जॉइंटवरचे रबरी बूट, म्हणजे घड्यांची आवरणं, दर सर्व्हिसिंगला बघायचे, घड्या हाताने उघडून बघायचे, चीर आतल्या घडीत असते आणि बाहेरून बूट चांगला दिसतो. इथे गाडी दर दोन वर्षांनी टीयूव्हीच्या तपासणीला जाते तिथेही फाटका बूट पकडतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, मीठ-वाळू आत जाते, आणि मग जॉइंट वाचत नाही.

काढताना प्रत्येक जॉइंटला सहा बोल्ट. त्यांच्या डोक्यात आतून खाचा असतात, काही गाड्यांना सहा कोनी ॲलन, काहींना बारा दात्यांचे. खाचेत वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती घट्ट बसलेली असते. बारीक टोच्याने ती माती तळापर्यंत उकरून काढा, ब्रेक क्लीनरचा फवारा मारा, परत उकरा, मग बोल्टची की (चावी) आत हातोडीने हलकी ठोकून पूर्ण बसवा आणि मगच जोर लावा. माती राहिली तर की अर्धीच बसते, खाच गोल होते, आणि मग एक बोल्ट काढायला दोन तास. हे दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम सगळे टाळतात आणि सगळे तिथेच अडकतात. चाक फिरवून एका वेळी समोर येतील तेवढे बोल्ट ढिले करायचे, गिअर टाकून शाफ्ट अडवायचा.

जॉइंट बाहेर आला की जुनं ग्रीस रॉकेलने किंवा कोल्ड क्लीनरने पूर्ण धुवा. बॉल सहा, प्रत्येकाची खाच बघा. खाचेत निळसर-काळपट चकचकीत पट्टा असणं नॉर्मल आहे. पट्ट्यात नखाला खड्डा लागला, किंवा पृष्ठभाग पापुद्रा निघाल्यासारखा दिसला तर जॉइंट बदला, नवीन ग्रीसने तो बरा होत नाही. चार जॉइंट उघडले तर चार वेगळ्या डब्यांत ठेवा, एकाचे बॉल किंवा पिंजरा दुसऱ्याला लावू नका, ते एकमेकांशी जुळवलेले असतात. परत जुळवताना बाहेरच्या कड्यातल्या दोन खाचांमधलं रुंद अंतर आणि आतल्या हबमधलं अरुंद अंतर समोरासमोर यायला हवं, उलट बसवलं तर जॉइंट जाम होतो, वाकतच नाही. हाताने सगळ्या बाजूंना वाकवून बघितल्याशिवाय शाफ्टवर चढवू नका.

ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं, सीव्ही जॉइंटचं म्हणून मिळतं ते, काळं-करडं. एका जॉइंटला साधारण ९० ग्रॅम. त्यातलं बरंचसं जॉइंटच्या एका बाजूने अंगठ्याने दाबून भरायचं, ते बॉलच्या बाजूंनी दुसरीकडे वर येताना दिसलं पाहिजे, तोवर दाबत राहायचं, आणि उरलेलं बूट आणि जॉइंटच्या मधल्या जागेत. बूट गच्च भरू नका, गरम झाल्यावर ग्रीसला जागा लागते, नाहीतर क्लॅम्पमधून बाहेर येतं. बोल्ट परत लावताना भोकं आणि आटे कोरडे, स्वच्छ, खालच्या दातेरी वॉशरसह, टॉर्क ३५ न्यूटन मीटर. ग्रीस लागलेला बोल्ट सुटतो, आणि एक सुटला की बाकीचे मागोमाग सुटतात. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क तपासा, हे करायचंच.

एक उपयोगी गोष्ट इथे सांगतो. पुढे जाताना बॉल खाचेच्या एकाच बाजूवर जोर देतात, रिव्हर्सला दुसऱ्या बाजूवर, आणि रिव्हर्स आपण किती मारतो. म्हणून दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे असतील तर साफ करून ग्रीस भरून झाल्यावर डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लावा. खाचेची न वापरलेली बाजू कामाला येते आणि थोडे झिजलेले जॉइंट अजून बरेच किलोमीटर जातात. नवीन जॉइंट मिळतात पण चांगल्या प्रतीचे महाग आहेत, आणि स्वस्तातले मी लावत नाही.

उरला चाकाचा बेअरिंग. चाकाच्या हाउसिंगमध्ये एक बॉल बेअरिंग आणि एक रोलर बेअरिंग, मध्ये स्पेसर, दोन्हीकडे सील. इथेही निपल नाही. काही लोक हाउसिंगला भोक पाडून निपल बसवतात, मला ते पटत नाही. बाहेरून मारलेलं ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचलं की मधल्याच पोकळीत साचलं हे दिसत नाही, म्हणून मारणारा मारतच जातो आणि शेवटी सील उचललं जातं. सील उचललं की ग्रीस ब्रेकच्या शूवर येतं, आणि मागचा एक ब्रेक लागतो एक लागत नाही अशी भरलेली कॅम्पर उतारावर काय करेल हे सांगायला नको.

हे काम घरी करावं की नाही हा प्रश्न आहे. मधला मोठा नट ४६ मिलिमीटरचा, साधारण ३५० न्यूटन मीटरला टाईट केलेला, ५० वर्षांचा गंज वेगळा. तो सोडवायचा तर चाकं जमिनीवर असताना, गाडी जॅकवर चढवून कधीच नाही, दांड्याला पाइप लावून लटकलात तर गाडी स्टँडवरून उतरते. आधी स्प्लिट पिन पूर्ण काढा, तुटका तुकडा भोकात राहिला तर नट आटे घेऊन बाहेर येतो. मीटरभर लांब दांडा, तीन-चतुर्थांश इंच ड्राइव्हचा ४६ चा सॉकेट, हे नसेल तर वर्कशॉपमध्ये नट नुसता ढिला करून पुन्हा बेताचा टाईट करून घ्या आणि तशी सावकाश घरापर्यंतच आणा, घर लांब असेल तर कामही तिथेच होऊ द्या. आत मग शाफ्ट, सील, सर्क्लिप, बेअरिंग असं बाहेर येतं. बेअरिंग धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवायची सवय आपल्याकडे फार आहे, करू नका, कोरडा बेअरिंग त्या वेगाने स्वतःलाच ओरखडे पाडतो. हवा आडवी मारा आणि कडं हाताने धरून ठेवा. बोटाने हळू फिरवून खरखर लागली तर नवीन घ्या.

ग्रीस इथे वेगळं, व्हील बेअरिंगचं लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ ग्रेड (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा, डब्यावर असतो). ग्रॅफाइट ग्रीस पाट्याला चांगलं पण बेअरिंगमध्ये नाही. कॉपर पेस्ट हे ग्रीसच नव्हे, ती गंजून चिकटू नये म्हणून लावायची वस्तू आहे, फिरणाऱ्या कशातही घालू नका. जुनं कुठलं आहे माहीत नसेल तर त्यावर नवीन चोपडू नका, लिथियम आणि पॉलियुरियासारखी वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन वाहतात. पूर्ण धुवा आणि एकच जात भरा. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कडा त्यात दाबत जायची, दुसऱ्या बाजूने बारीक शेवया येईपर्यंत, मग थोडं फिरवून पुढचा भाग. मधली पोकळी गच्च भरायची नाही. सील नवीनच. नट टॉर्कला आणल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे टाईट करून जुळवायचा, मागे ढिला करून कधीच नाही. पिन नवीन. मग वीस-तीस किलोमीटर चालवून दोन्ही हबला हात लावून बघा, फार ब्रेक न मारता आलात तर दोन्ही साधारण सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक चटका देत असेल तर थांबायचं, परत उघडायचं.

पुढच्या ॲक्सलचं तुम्ही मारलंय म्हणता, फक्त एक विचारतो, चाकं हवेत होती का? चार निपल दोन नळ्यांवर आणि एक मध्ये स्टिअरिंगच्या लीव्हरला. गाडीचं वजन चाकांवर असताना मारलं तर ग्रीस दाबलेल्या बाजूला जातच नाही, मोकळ्या बाजूने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं. पुढचा भाग उचलून, स्टँड लावून, निपल कापडाने पुसून, टोकांना स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत हळूहळू मारायचं. जमिनीवर मारलं असेल तर परत मारा, नुकसान काही नाही.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. या आठवड्यात साबणाच्या पाण्याची टेस्ट आणि चारही बूट उघडून बघणं, याला पैसे लागत नाहीत. शॉकचे रबर निघाले तर लगेच बदला. स्प्रिंग प्लेटचे निघाले तर दोन्ही बाजूंचे बुश, झाकणाचे बोल्ट आणि दोन लांब बोल्ट आधी मागवून हातात आल्याशिवाय काहीही उघडू नका, कारण एकदा प्लेट खाली आली की गाडी तिथेच अडकते. सीव्ही त्याच वेळी करा, शाफ्ट नाहीतरी बाजूला केलेला बरा पडतो. बेअरिंग घूंघूं करत नसेल, चाक उचलून वर-खाली हलवल्यावर खेळ नसेल, तर तो पुढच्या हिवाळ्यात, पण आधीच्या मालकाकडे कधी उघडला याची नोंद नसेल तर तोही उघडायचाच. साबणाच्या टेस्टमध्ये काय निघालं ते लिहा, आणि शक्य असेल तर प्लेटच्या झाकणाचा बाजूने काढलेला फोटो टाका, प्लेट मधोमध आहे की खाली बसलीय ते त्यावरून कळेल.